गलक्यात बुडालेला निरोप

अक्षता मेटकरी आमच्या कॉलेजात आली तेव्हा तिला बघण्याआधी मी तिला ऐकलं. माझ्या शेजारच्या वर्गात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि मधली भिंत असून नसल्यासारखी होती. मी फळ्यावर समाकलन मांडायची आणि माझी पोरं कान तिकडं लावून बसायची. ती मूळची सांगोल्याकडची. वडील धुळाप्पा मेंढरं राखायचे. सातवीनंतर ती वसतिगृहात राहून सोलापुरात शिकली, इथंच एम.ई. झाली, इथंच नोकरीला लागली. उंच, सावळी, कपाळावर बारीक आठी. ती आठी मी कधी पुसलेली पाहिली नाही.

तिचा पीएचडीचा विषय मला कँटीनमध्ये समजला. मी विचारलं, तशी तिनं चहाचा कप बाजूला सरकवला.

"हवा एकच आहे आणि तिच्यातून बोलणारी यंत्रं शेकडो. कुणी कधी बोलायचं हे सांगायला वर कुणी मास्तर नाही. दोघं एकाच वेळी बोलली की दोघांचंही वाया जातं. मग दोघंही जरा थांबतात आणि पुन्हा बोलतात. यंत्रं थोडी असली तर छान चालतं. वाढत गेली की पुन्हा पुन्हा बोलणाऱ्यांचीच गर्दी होते, आणि मग..." तिनं टेबलावरून बोट सरकवत कडेला नेलं आणि खाली सोडलं.

"मग काय?"

"मग सगळी जीव तोडून बोलत असतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती एकही धड शब्द लागत नाही. त्याला वाटतं, सगळं शांत आहे."

ही कडा नेमकी कुठं येते, ती कशी लांबवायची, ठरावीक हवेतून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते, हे तिचं संशोधन. मी गणितवाली, मला त्यातली समीकरणं आवडली. पण तिच्या कागदावर आलेखाची रेघ डोंगरासारखी चढत जायची आणि अचानक तुटायची.

तिचे मार्गदर्शक उदयसिंह घाडगे सर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. विभागात पंचवीस वर्षं घालवलेले, पोरांसाठी पदरमोड करणारे. आयुष्यात एकदा तरी आपलं काम कॉलेजच्या भिंतीबाहेर उभं राहावं, एवढीच त्यांना भूक होती. त्यांनी भीमाकाठची बेटवाडी निवडली.

उन्हाळ्यात बेटवाडीजवळ नदी म्हणजे नुसती वाळू. वाळूच्या उंचवट्यावर लोक काकडी-कलिंगडं लावतात, शेळ्या बांधतात, डोहांत मोटारी सोडतात. सोलापूरला प्यायचं पाणी कमी पडलं की वरच्या धरणातून नदीला पाणी सोडतात. ते वाळूतून जिरत, रांगत येतं. पण वाटेत बंधारे आहेत. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की मागं साठलेलं पाणी एकदम खाली सुटतं. दिवस साधारण कळतो, वेळ कळत नाही. म्हणून पूर्वी गावचा कोतवाल मोटारसायकलवरून काठानं ओरडत जायचा, "पाणी आलं, वर निघा!"

सरांनी आणि अक्षतानं तिथं पेट्या बसवल्या. वरच्या बंधाऱ्यावर पाणी मोजणारी एक पेटी. काठावरच्या मोटारींना एकेक पेटी, म्हणजे वीज आली की गेली, मोटार चालू की बंद, पाणी लागलं की नाही, हे शेतकऱ्याला घरबसल्या मोबाइलवर कळावं. सगळ्या पेट्या बिनतारी बोलायच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवरच्या एका मोठ्या पेटीशी. तिथंच भोंगा. बंधाऱ्याच्या पेटीनं पाणी सुटल्याचं सांगितलं की भोंगा वाजणार. आणि आमच्या प्रयोगशाळेत एका पडद्यावर गावाचा नकाशा, प्रत्येक पेटीचा एक ठिपका. धोक्याचा किंवा वीज गेल्याचा निरोप आला तर लाल. एरवी हिरवा.

पहिला उन्हाळा दृष्ट लागण्यासारखा गेला. पाणी सोडलं, भोंगा वाजला, माणसं आरामात वर आली. वर्तमानपत्रात फोटो आला. गावात पेट्यांची देखभाल करणारा जोतिराम नावाचा केळीवाला शेतकरी फोटोत सरांशेजारी छाती काढून उभा होता. पुढं कोतवालाची फेरी बंद झाली. कुणी बंद केली नाही, आपोआप झाली. "आता भोंगा हाय की," लोक म्हणायचे. आणि ज्याला त्याला मोटारीवर पेटी हवी झाली. चाळीस होत्या, त्याच्या दोनशे झाल्या, शेजारच्या वस्त्यांनीही मागितल्या.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात एका दुपारी बेटवाडीवर वळवाचा पाऊस झाला. वारा सुटला, तारा एकमेकींना लागल्या, सगळ्या भागाची वीज गेली. अक्षता सहज पडद्यापुढे बसली होती. दोनशे ठिकाणची वीज एका क्षणात गेलेली. पेट्यांत बॅटरी असते, त्यामुळे प्रत्येक पेटीनं ते लगेच कळवायला हवं होतं. पडद्यावर एकही ठिपका हलला नाही. हिरवं, सगळं हिरवं. बराच वेळ तसंच. मग एक ठिपका बदलला, मग दुसरा, भीत भीत, गर्दीतून एकेक माणूस बाहेर पडावा तसे.

ती माझ्याकडं आली तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते.

"आमच्या सगळ्या गणितात एक गोष्ट गृहीत धरली आहे," ती म्हणाली. "प्रत्येक यंत्र आपल्या मनानं बोलतं. कुणाचं बोलणं दुसऱ्यावर अवलंबून नाही. रोजच्या दिवशी ते खरं आहे. पण वीज सगळ्यांची एकदम जाते. पाणी सगळ्यांना एकदम लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे नदीला पाणी येईल त्याच वेळी हे जाळं मुकं होईल. बंधाऱ्याची पेटी ओरडत असेल आणि तिचं ओरडणं दोनशे पेट्यांच्या गलक्यात बुडालेलं असेल. आणि इथं हिरवं दिसेल."

तिनं लगेच सरांना गाठलं. मी सोबत होते, कारण आकडेमोड मी तपासली होती. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण गेल्या वर्षी वाजला ना भोंगा?"

"गेल्या वर्षी पेट्या चाळीस होत्या, सर. आपण कडेच्या अलीकडं होतो."

"उपाय काय?"

"बंधाऱ्याच्या पेटीसाठी वेळेचा एक तुकडा राखून ठेवायचा. त्या वेळात बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. पण त्यासाठी प्रत्येक पेटी उघडून तिच्यातला प्रोग्रॅम बदलावा लागेल. तोपर्यंत नव्या पेट्या लावायच्या नाहीत. आणि कोतवालाची फेरी पुन्हा सुरू करायची."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अक्षता, पुढच्या महिन्यात मंत्रालयातून पाहणीला माणसं येणार आहेत. आत्ता दोनशे पेट्या उघडायच्या? जून-जुलैत निवांत करू. आणि तुला एवढं वाटतंय तर आपल्या संशोधनाच्या पेपरमध्ये लिही ना. मर्यादा आणि पुढील काम, त्या भागात."

तिनं लिहिलं. 'बाह्य घटनेमुळे सर्व उपकरणे एकाच वेळी संदेश पाठवू लागल्यास प्रस्तुत प्रणाली निरुपयोगी ठरू शकते.' परीक्षकांनी त्या वाक्याचं खास कौतुक केलं. संशोधकांचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे, असा शेरा आला. तो शेरा तिनं मला मोबाइलवर दाखवला आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

मग ती स्वतःच बेटवाडीला जाऊ लागली. दर रविवारी एसटीनं जायची, जमतील तेवढ्या पेट्या उघडायची. पण एका हातानं होणारं ते काम नव्हतं. शिवाय एक बदललेली आणि दुसरी न बदललेली असून उपयोग नव्हता, गलका करायला उरलेल्या पुरेशा होत्या. एका रविवारी मीही गेले. नदीच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यावर तात्याबा आणि फुलाबाई नावाचं साठीतलं जोडपं काकडी काढत होतं. काठापासून त्यांच्यापर्यंत जायला एक खोलगट पट्टा ओलांडावा लागायचा. तिथं वाळू उपसून उपसून खड्डे पडलेले. आम्ही चढलो-उतरलो तेव्हा माझ्या कमरेएवढा खड्डा पायाखाली आला.

"मावशी, पाणी सुटायचं झालंय," अक्षता म्हणाली. "भोंगा वाजेल, पण त्याच्यावर विसंबू नका. वरच्या अंगाला नजर ठेवा."

तात्याबानं काकडी चिरून, मीठ लावून आमच्या हातावर ठेवली. "आवो वाजंल की भोंगा. गेल्या सालाला कसा कडाडला हुता! म्हशी दावं तोडून पळाल्या." तो हसला. फुलाबाईही हसली. मागं खुंट्याला बांधलेली शेळी आमच्याकडं बघत रवंथ करत होती.

पाहणी झाली. मंडळी खूश होऊन गेली. सरांनी विभागात पेढे वाटले. अक्षतानं पेढा घेतला, रुमालात गुंडाळला आणि ठेवून दिला.

सोलापुरात तेव्हा पाच-सहा दिवसांआड नळाला पाणी येत होतं. आमच्या पूर्व भागात बायका पिंपांच्या रांगा लावून टँकरची वाट बघायच्या आणि माझी आई तेलुगूत सगळ्या जगाला शिव्या द्यायची. पेपरात आलं, धरणातून पाणी सोडलं, शहराची तहान भागणार. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मी कॉलेजात गेले तर अक्षता नकाशावर बोट ठेवून पाणी कुठपर्यंत आलं असेल याचा अंदाज बांधत बसलेली. रजा टाकून बेटवाडीला जाऊन बसायचं तिच्या मनात होतं, पण परीक्षा सुरू होत्या, तिला पर्यवेक्षण लागलेलं. तिनं सरपंचांना फोन केला, जोतिरामला केला. पाणी उद्या संध्याकाळपर्यंत येईल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

ते त्याच दुपारी आलं.

दुपारी पेपर सुटल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. कूलर घरघरत होता. अक्षता पडद्यासमोर उभी होती, बसलेली नव्हती. पडदा हिरवागार.

"काय झालं?"

"प्यायचं पाणी काठावरच्या मोटारींनी ओढू नये म्हणून पाणी आलं की तिकडची वीज बंद करतात. ती बंद झाली असणार. इतक्या वेळात एकही निरोप नाही. एरवी मिनिटाला दोन-तीन येतात."

"पाणी आलं कशावरून?"

"यावरूनच," ती म्हणाली, आणि फोन लावला.

जोतिराम उचलेना. ग्रामपंचायतीत फोन वाजत राहिला. सरपंच बाहेरगावी. ती पुन्हा पुन्हा जोतिरामला लावत होती. तिच्या बोटांखाली काच ओली झाली होती. शेवटी त्यानं उचलला. जेवत होता.

"जोतिरामभाऊ, नदीवर जा. पाणी आलंय."

"न्हाय म्याडम, भोंगा कुटं वाजलाय? आन् पाणी उद्याच्याला हाय की."

"भोंगा वाजणार नाही. तुम्ही निघा."

"मोबाइलवर समदं हिरवं दावतंय म्याडम, आत्ताच बगितलं."

"हिरवं आहे म्हणूनच सांगते!" ती ओरडली. सगळ्या मजल्यावर ऐकू गेलं. "ताटावरून उठा. ओरडत जा काठानं. पाया पडते तुमच्या."

पलीकडं ताट सरकल्याचा आवाज आला. मग मोटारसायकलची किक.

पुढचं जोतिरामनं आम्हाला नंतर सांगितलं. तो काठावर आला तेव्हा वरच्या वळणापर्यंत नदी कोरडी दिसत होती. त्याला वाटलं, म्याडमचं डोकं फिरलंय. तरी तो ओरडत सुटला. मोटारीजवळची माणसं वर आली, शेळ्यामेंढरं हाकलली, गुरं काढली. मग वळणावर त्याला ते दिसलं. लाट नव्हती. काड्या, फेस आणि प्लास्टिकची एक मळकट कड वाळूवरून सरकत येत होती, आवाज न करता. ती आधी खोलगट पट्ट्यात शिरली. मधला उंचवटा कोरडा ठणठणीत, आणि काठ आणि त्याच्या मध्ये पाणी भरायला लागलं.

तो पाण्यात उतरला. फुलाबाई गुडघाभर पाण्यातून त्याच्या हाताला धरून आली. तात्याबा तिच्या मागंच होता. काठ दहा पावलांवर असताना शेळी ओरडली. तात्याबा मागं वळला.

"आवो, ऱ्हाऊ द्या तिला!" फुलाबाई म्हणाली.

"बांदलीया तिला," तो म्हणाला. "बांदलेलं जित्राब सोडून कसं यायचं?"

त्यानं दावं सोडलं. शेळी पाण्यात पडली, वाहत, पोहत, खालच्या अंगाला काठाला लागली. तात्याबा तिच्यामागून निघाला. पाणी त्याच्या मांड्यांना लागत होतं, मग छातीला लागलं, मग तो दिसला नाही. तिथं खड्डा होता. पाण्यानं सगळे खड्डे झाकून टाकले होते, वर सगळीकडं सारखंच, सपाट.

तो खालच्या बंधाऱ्याला सापडला, तिसऱ्या दिवशी. त्याच दिवशी आमच्या नळाला पाणी आलं. आईनं पिंपं भरून घेतली. मी तिला काही सांगितलं नाही.

कॉलेजनं समिती नेमली. घाडगे सरांनी समितीपुढं अक्षताचा पेपर ठेवला आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. ही शक्यता आम्ही जाहीरपणे नोंदवली होती, लपवलेलं काही नाही. समितीनं मान्य केलं. प्रायोगिक प्रकल्प, नैसर्गिक परिस्थिती, खेदजनक घटना. बाहेर आल्यावर सर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुझ्या त्या वाक्यानं वाचवलं आपल्याला, अक्षता," ते म्हणाले.

"मी ते कुणाला वाचवण्यासाठी लिहिलं होतं, सर?" तिनं विचारलं. पुढं सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

दहाव्यानंतर आम्ही फुलाबाईकडं गेलो. ती ओसरीवर बसली होती. अक्षता तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सरळ म्हणाली, "मावशी, भोंगा वाजायला पाहिजे होता. तो वाजणार नाही, हे मला आधी माहीत होतं."

फुलाबाईनं मान वर केली. "म्हाईत हुतं तर सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं होतं मावशी. त्या रविवारी आले होते."

"व्हय," ती हळूच म्हणाली. "आली हुतीस. भोंगा वाजंल म्हणालीस, आन् इसंबू नका म्हणालीस. आमी निम्मंच ऐकलं की गं." मग तिनं पदर तोंडावर घेतला.

त्या पावसाळ्यात अक्षतानं विद्यार्थी हाताशी घेऊन एकूण एक पेटी उघडली. बंधाऱ्याच्या पेटीला तिचा राखीव वेळ मिळाला. पण एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. तिनं भोंग्याची रीतच उलटी केली. आतापर्यंत धोक्याचा निरोप आला की भोंगा वाजायचा. आता बंधाऱ्याची पेटी ठरल्या वेळेला 'सगळं ठीक' म्हणाली नाही, तर भोंगा वाजणार. गप्प बसणं म्हणजेच धोका. ठिपकेही तसेच, काही ऐकू आलं नाही की लाल. कागदावर मी ते तपासलं. त्यात खोट नव्हती.

पण बंधाऱ्याची पेटी गप्प बसायला कारणं पुष्कळ. कोळ्यानं जाळं केलं, गांधीलमाशांनी पोळं बांधलं, बॅटरी तापली, ढग दाटून पेटीच्या सोलरला ऊन मिळेना, कुणाचा ट्रॅक्टर आडवा उभा राहिला. दर वेळी भोंगा वाजू लागला. पहिल्यांदा माणसं धावत वर आली. नंतर चालत. नंतर मान वर करून टाकीकडं बघू लागली. दिवाळीनंतर जोतिरामचा फोन आला, "म्याडम, लई वाजतंय. शाळा चालंना. लोक मला शिव्या घालत्यात." तिनं समजावलं, भोंगा वाजण्याआधी वाट बघायची वेळ थोडी वाढवून दिली. कोतवालाची फेरी सुरू करा म्हणून ग्रामपंचायतीला तीनदा अर्ज दिला. भोंगा आहे ना, असं उत्तर आलं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी पुन्हा बेटवाडीला गेलो. धरणातून पाणी सोडणार म्हणून पेपरात आलेलं. टाकीवर चढून अक्षतानं भोंगा पाहिला आणि तिथंच बसून राहिली. मी खालून विचारलं, काय गं?

"वायर कापली आहे," ती म्हणाली. "नीट, पक्कडीनं. टोकांना चिकटपट्टीसुद्धा लावली आहे."

कुणी कापली, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. जोतिराम जमिनीकडं बघत होता. अक्षता कुणावर चिडली नाही. तिनं वायर जोडली, भोंगा एकदा वाजवून पाहिला. शाळेच्या आवारातल्या एकाही माणसानं मान वर केली नाही.

मग तिनं जोतिरामला मोटारसायकल काढायला लावली आणि मागं बसून ती कोतवालासारखी ओरडत काठानं निघाली. मी शाळेच्या कट्ट्यावर थांबले. तिथून नदीचं पात्र दिसत होतं. वाळूवर काकडीचे नवे वेल पसरले होते, दूरवर चारपाच माणसं वाकून काम करत होती, उन्हात हलणाऱ्या काळ्या रेघांसारखी. अक्षताचा आवाज येत होता, पण वारा त्या माणसांकडून माझ्याकडं वाहत होता. माणसांतलं कुणी उठून उभं राहिलं की नाही, ते मला तेवढ्या लांबून कळलं नाही.